बीकर तडकू नये म्हणून: तारेच्या जाळीचा नीट वापर

बीकर तडकला की दोष काचेच्या माथी मारला जातो. 'चांगल्या काचेचा होता, तरी फुटला' असं म्हणत तुकडे गोळा होतात, नवा बीकर येतो आणि तोही त्याच तिवईवरच्या त्याच जाळीवर ठेवला जातो. जाळी कुणी उचलून पाहत नाही. मधला पांढरा थर निम्मा गळून गेलेला असतो, तारा मध्यभागी खचलेल्या असतात, एखाद्या ठिकाणी आरपार भोक पडलेलं असतं. तरीही ती जाळी वर्षानुवर्षं तिवईवर बसून असते, कारण जाळीसारखी दिसते.

बर्नर, तिवई आणि जाळी एवढ्याच मांडणीवर काचेचं भांडं तापवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मांडणी साधी आहे, पण तिच्यातली प्रत्येक पायरी काचेच्या एका विशिष्ट दुबळेपणाशी जोडलेली आहे. तो दुबळेपणा आधी समजून घेतला, तर नियम पाठ करावे लागत नाहीत.

काच का तडकते आणि जाळी काय करते

काच उष्णतेची मंद वाहक आहे. तांबं, लोखंड यांच्या तुलनेत तर फारच मंद: साधं लोखंड किंवा पोलाद काचेच्या सुमारे ४० ते ७० पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे बर्नरची ज्योत बुडाच्या एका ठिकाणी लागली की तेवढाच भाग तापतो, प्रसरण पावतो, आणि शेजारची थंड काच त्याला जागा देत नाही. या ओढाताणीत काच दाब बऱ्यापैकी सोसते, ताण मात्र सोसत नाही. आधीच एखादा बारीक ओरखडा असेल तर भेग तिथूनच सुरू होते.

प्रयोगशाळेतली बरीचशी भांडी बोरोसिलिकेट काचेची असतात. या काचेचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ३.३ × १०⁻⁶ असतो. बाटल्या आणि खिडक्यांच्या साध्या सोडा-लाइम काचेचा तो सुमारे ९ × १०⁻⁶, म्हणजे जवळपास तिप्पट. बोरोसिलिकेटचा सगळा फायदा या आकड्यात आहे. ती कमी फुगते, म्हणून तापमानातला जास्त फरक सहन करते. सहन करते, एवढंच. तिलाही मर्यादा आहे आणि उघडी ज्योत ती सहज ओलांडते. बर्नरच्या निळ्या ज्योतीत सर्वांत तप्त जागी हजार अंशांच्या बरंच वर तापमान असतं, तर बोरोसिलिकेट सुमारे ८२० अंशांना मऊच पडते.

जाळी इथे दोन कामं करते. तारा ज्योतीची उष्णता आडवी पसरवतात, आणि मधली सिरॅमिकची चकती ती उष्णता घेऊन बुडाच्या मोठ्या भागावर सारखी सोडते. ज्योत काचेला थेट लागत नाही हे तिसरं काम, पण खरं तर ते या दोन्हींतूनच होतं. जाळी ज्योत अडवते हे पाहायचं असेल तर न पेटवलेल्या बर्नरच्या तोंडावर तीन-चार सेंटिमीटर उंचीवर नुसत्या तारांची, चकती नसलेली थंड जाळी चिमट्याने आडवी धरा, गॅस सुरू करा आणि जाळीच्या वर काडी पेटवा. ज्योत जाळीच्या वरच राहते, खाली उतरत नाही. तारा इतक्या वेगाने उष्णता खेचून नेतात की खालच्या गॅसचं तापमान पेट घेण्याइतकं वाढतच नाही. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी केलेला सुरक्षादीप याच तत्त्वावर चालायचा. मात्र जाळी तापून लाल झाली की ज्योत तिच्यातून पार होते. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवायचा आहे, आणि काही सेकंदांतच आटोपायचा आहे.

कोणती जाळी

मध्यभागी सिरॅमिकची चकती असलेली जाळी काचेसाठी. नुसत्या तारांची, चकती नसलेली जाळीही मिळते. ती धातूच्या भांड्यांखाली किंवा आधार म्हणून चालते, पण काचेखाली ती वापरायची वेळ आली तर आच अगदी मंद ठेवावी लागते, कारण ज्योतीचं टोक छिद्रांमधून वर येतं. स्टेनलेस स्टील आणि नायक्रोम या तारा साध्या लोखंडाइतक्या चांगल्या वाहक नाहीत, पण गंजत नाहीत आणि वारंवार तापूनही लवकर झिजत नाहीत. चकती धड असेल तर वाहकतेतला हा फरक व्यवहारात जाणवत नाही.

आकार निवडताना दोन गोष्टी पाहा. जाळी तिवईच्या कड्याच्या सगळ्या बाजूंनी बाहेर आली पाहिजे, आणि चकती भांड्याच्या बुडापेक्षा थोडी मोठी असली पाहिजे. २५० मिलिलिटरच्या नेहमीच्या बीकरचं बूड सुमारे ७ सेंटिमीटर व्यासाचं असतं, ५०० मिलिलिटरच्या बीकरचं साडेआठ-नऊ. बूड चकतीबाहेर गेलं तर त्याचा कडेचा भाग उघड्या तारांवर येतो. बीकर नेमका बुडाच्या वळणावर तडकतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

खिडकीला किंवा पिंजऱ्याला लावायची जाळी कापून वापरू नका. तिच्यावर बहुधा जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि ज्योतीच्या तापमानाला त्याचा धूर होतो. हा धूर श्वासात गेला तर काही तासांनी थंडी-ताप येतो. जुगाड करण्यासारखी ही वस्तू नाही.

नवी कोरी जाळी पहिल्यांदा रिकामीच तापवा, खिडक्या उघड्या ठेवून किंवा धूर ओढून घेणाऱ्या कपाटात. तारांवर तेलाचा पातळ थर असू शकतो. तो जळून वास आणि धूर थांबला की जाळी कामाला तयार.

आधी तपासणी

जाळी उजेडासमोर धरा. चकतीतून उजेड दिसला, म्हणजे ती झिजली आहे. चकतीला केसासारखी भेग असेल तर चालवून घेता येतं. पापुद्रे निघत असतील तर जाळी बदला. मग ती सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगत असेल तर तिच्यावर ठेवलेला बीकरही डुगडुगणार, आणि उकळी आल्यावर तो सरकणार. किंचित वाकलेल्या तारा हाताने सपाट करता येतात, पण कडेच्या सुट्या तारा बोटात घुसतात, म्हणून चिमटा किंवा पक्कड वापरा. गंजाचा भुगा पडत असेल तर तो थेट बर्नरच्या तोंडात जातो, ज्योतीत नारिंगी ठिणग्या उडतात आणि हळूहळू बर्नरचं बारीक छिद्र बुजतं. आधीच्या प्रयोगातलं मीठ जाळीवर सांडलेलं असेल, तर ज्योत पिवळी होते. ज्योत परीक्षा, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखायचा प्रयोग, करायच्या दिवशी अशी जाळी शेजारी असेल तर सगळ्यांना सगळीकडे सोडियमच सापडतं.

मग भांडं. बुडाला चांदणीसारखी भेग, खोल ओरखडा, कडेला टवका, यांपैकी काहीही दिसलं तर ते भांडं तापवायचं नाही. मोजपात्र, आकारमापी फ्लास्क, अभिकारकाच्या जाड बाटल्या, गाळणीचा जाड फ्लास्क, वजनाच्या बाटल्या ही भांडी जाळी असली तरी तापवायची नसतात. जाड काच मजबूत वाटते, पण तापवताना तीच आधी तडकते, कारण आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागांच्या तापमानात जास्त फरक पडतो. मोजपात्रांच्या बाबतीत आणखी एक नुकसान आहे: त्यांच्या खुणा एका ठरावीक तापमानाला आखलेल्या असतात.

भांड्याची बाहेरची बाजू कोरडी पुसा. बाहेर लोंबणारा पाण्याचा थेंब काचेच्या तेवढ्या भागाला थंड ठेवतो आणि शेजारचा भाग तापत राहतो. वर सांगितलेली ओढाताण होण्यासाठी एवढंही पुरे.

मांडणी, क्रमाने

१. चष्मा लावा, केस बांधा, बाह्या आवरा. आजूबाजूला कुठे ज्वालाग्राही द्रवाची बाटली नाही ना, हे टेबलाच्या दोन्ही टोकांना जाऊन पाहा.

२. टेबलावर उष्णतारोधक फरशी ठेवा आणि तिच्यावर तिवई. तिवईचे तिन्ही पाय टेकले पाहिजेत.

३. जाळी अशी ठेवा की चकतीचं केंद्र तिवईच्या कड्याच्या केंद्रावर येईल. चकतीचा पांढरा थर दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर कोणतीही बाजू वर चालते. एका बाजूने तो जास्त झिजला असेल, तर जाड बाजू काचेकडे.

४. भांड्यात द्रव निम्म्यापर्यंत भरा, फार तर दोनतृतीयांश. उकळणारा द्रव फुगतो, आणि उतू गेलेला द्रव तापलेल्या जाळीवर पडला तर जाळी, काच आणि बर्नर तिन्ही बिघडतात.

५. द्रव उकळायचा असेल तर सच्छिद्र दगडाचे किंवा न झिलईच्या चिनी मातीचे दोन-तीन तुकडे थंड द्रवातच टाका.

६. बीकर चकतीच्या मध्यावर ठेवा. शंकूच्या आकाराचा फ्लास्क असेल तर त्याची मान स्टँडच्या पकडीत सैलसर धरा. गोल बुडाच्या फ्लास्कला पकड अनिवार्य आहे. जाळीवर त्याला स्वतःचा आधार नसतो. पकड इतकी घट्ट आवळू नका की प्रसरण पावणाऱ्या मानेला जागाच उरणार नाही.

७. बर्नर तिवईखाली ठेवून पेटवू नका. बाहेर काढून, हवेचं छिद्र बंद ठेवून, आधी काडी आणि मग गॅस या क्रमाने पेटवा. ज्योत स्थिर झाली की तो हळूच तिवईखाली सरकवा.

पाचव्या पायरीबद्दल थोडं सविस्तर. स्वच्छ, गुळगुळीत काचेत द्रवाला बुडबुडे तयार करायला जागा मिळत नाही. मग तो उत्कलनबिंदूच्या वर जाऊनही शांतच राहतो आणि अचानक एकदम उसळतो. बीकर जाळीवरून उडी मारल्यासारखा हलतो, द्रव तोंडावर येतो. सच्छिद्र तुकड्यांतली हवा बुडबुड्यांना सुरुवात करून देते. पण तुकडे टाकायचे विसरलात आणि द्रव तापला, तर आता टाकू नका. तापलेल्या द्रवात तुकडा पडताच सगळा द्रव एकदम उसळू शकतो. बर्नर बाजूला घ्या, द्रव चांगला निवू द्या, मग टाका. एकदा उकळून थंड झालेल्या द्रवातले जुने तुकडे पुन्हा कामाला येत नाहीत, कारण त्यांची छिद्रं द्रवाने भरलेली असतात, नवे टाका.

आच

सुरुवातीची दोन-तीन मिनिटं मंद ज्योत ठेवा आणि बर्नर चकतीखाली हळूहळू फिरवत राहा. थंड भांडं, थंड द्रव, थंड जाळी या सगळ्यांना एकत्र वर यायला वेळ द्यायचा. घाईत मोठ्या आचेवर सुरू केलेला बीकर तडकला, तर जाळीला बोल लावता येत नाही.

याच वेळी बीकरच्या बाहेर धुकं जमतं, थेंब ओघळतात आणि जाळीवर चर्र होतं. बीकर गळतोय असं वाटून पुष्कळ विद्यार्थी घाबरतात. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि ती थंड काचेवर साठते. काच थोडी तापली की धुकं आपोआप जातं. थेंब वाढतच गेले आणि आतली पातळी उतरत असेल, तर मात्र ती खरीच गळती समजा.

नंतर हवेचं छिद्र उघडून ज्योत निळी करा. पिवळ्या ज्योतीने जाळीवर आणि बुडावर काजळी धरते, शिवाय ती कमी तापते. निळ्या ज्योतीच्या आत फिक्या निळ्या रंगाचा छोटा शंकू दिसतो. सर्वांत जास्त उष्णता त्या शंकूच्या टोकाच्या जरा वर असते. शंकूचं टोक जाळीच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली राहील इतकीच आच ठेवा. आतला शंकू जाळीला टेकला तर थंड तारा ज्योत अर्धवट विझवतात, गॅस पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तिवईची उंची बदलता येत नाही, त्यामुळे आच गॅसच्या चकरीनेच जुळवायची. उंची बदलायची गरज वारंवार पडत असेल, तर तिवईऐवजी स्टँडवरचं कडं वापरा; जाळी त्यावरही तशीच बसते.

ज्योत जाळीखाली पसरून कडेने वर येते का, हे डोळे टेबलाच्या पातळीवर आणून बघा. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. द्रव जिथपर्यंत आहे तिथपर्यंतची काच द्रवामुळे थंड राहते. पाणी असेल तर आतली बाजू शंभर अंशांच्या आसपासच राहते. द्रवाच्या वरची कोरडी काच मात्र बिनआसऱ्याची असते. ज्योतीची जीभ तिथे पोचली की द्रवाच्या पातळीच्या रेषेवरच आडवी भेग जाते. ज्योत चकतीच्या व्यासाच्या आत ठेवा.

चकतीभोवतीच्या तारा लाल होणं म्हणजे आच गरजेपेक्षा जास्त. अंधुक लाल रंग दिसतो तेव्हा तारा ६०० अंशांच्या आसपास असतात. पाणी उकळायला याची काहीही गरज नाही.

ढवळताना काचकांडी बुडावर आपटू नका, घासू नका. तिथे पडलेला ओरखडा पुढच्या वेळी भेगेची सुरुवात होतो. तापमापीचा फुगा बुडापासून वर राहू द्या, नाहीतर तुम्ही द्रवाचं नव्हे, तापलेल्या बुडाजवळचं तापमान मोजत बसाल.

द्रावण आटवायचं असेल तर बीकरपेक्षा चिनी मातीचं बाष्पनपात्र बरं, तेही जाळीवर. शेवटचा ओलावा ज्योतीवर घालवू नका. द्रव संपला की बुडाला थंड ठेवणारं काही उरत नाही, तापमान झपाट्याने चढतं आणि स्फटिक तडतडून उडतात. लगदा ओलसर असतानाच गॅस बंद करा. जाळीत साठलेली उष्णता उरलेलं काम करते.

जाळी कुठे नको

परीक्षानळी जाळीवर ठेवत नाहीत; ती चिमट्यात तिरपी धरून ज्योतीत सतत हलवत तापवतात. मुशीखाली मातीच्या नळ्यांचा त्रिकोण असतो, कारण तिथे तीव्र आच थेट लागायला हवी असते आणि जाळी ती कमी करते. सपाट सिरॅमिकच्या विद्युत शेगडीवर जाळीची गरज नाही. उलट जाळीमुळे स्पर्श कमी होतो.

ईथर, ॲसिटोन, इथेनॉल, पेट्रोलियम ईथर यांना जाळीवर, उघड्या ज्योतीवर तापवायचं नाही. जाळी असली तरी नाही. इथेनॉलची वाफ १३ अंश सेल्सिअसपासून पुढे पेट घेऊ शकते, ॲसिटोनची तर शून्याच्या बऱ्याच खाली. या वाफा हवेपेक्षा जड असतात, टेबलावरून सरकत जाऊन लांबच्या ज्योतीपर्यंत पोचतात. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: बर्नर विझवल्यावरही जाळी धोक्याचीच असते. डायएथिल ईथरची वाफ ज्योतीशिवाय १६० अंशांच्या आसपास स्वतःहून पेटू शकते, कार्बन डायसल्फाइडची तर १०० अंशांच्या आगेमागे. नुकतीच वापरलेली जाळी याहून कितीतरी जास्त तापलेली असते. अशा द्रवांसाठी पाणी आधी जाळीवर गरम करा, बर्नर विझवून दूर न्या, आणि ते गरम पाणी ज्योत नसलेल्या दुसऱ्या टेबलावर नेऊन त्यात द्रवाचं भांडं ठेवा.

तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड काचेत बराच वेळ उकळू नका. अल्कली काच खाते, आणि खाल्लेली काच पुढच्या तापवण्यात दगा देते.

गॅस बंद केल्यावर

काही करू नका. बीकर, जाळी, तिवई जशीच्या तशी राहू द्या. तापवतानापेक्षा थंड होताना काच जास्त सहज फुटते: बाहेरचा पृष्ठभाग एकदम आकसला की तो ताणाखाली येतो, आणि ओरखडे बहुतेक त्याच बाजूला असतात. म्हणूनच जाळीवरून उचललेला बीकर दगडी ओट्यावर किंवा ओल्या फडक्यावर ठेवला की टचकन आवाज येतो. हलवायलाच हवा असेल तर बीकरच्या चिमट्याने उचलून दुसऱ्या कोरड्या, उष्णतारोधक फरशीवर ठेवा.

गरम जाळी आणि थंड जाळी सारखीच दिसते. उचलण्याआधी हाताची मागची बाजू वरून जवळ नेऊन ऊब घ्या, आणि तरीही चिमट्यानेच उचला. पाण्यात बुडवून थंड करू नका. चकती तडकते, तारा वाकतात. भाजलं तर भाग लगेच नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, मलम नको. भाजलेली जागा मोठी असेल किंवा फोड आला असेल तर डॉक्टरांना दाखवा.

थंड झालेल्या जाळीच्या तारा कोरड्या ब्रशने साफ करा, चकती घासू नका आणि तिच्यावरचा भुगा फुंकू नका. आम्ल किंवा मीठ सांडलं असेल तर ओल्या फडक्याने टिपून घ्या, आणि ओली जाळी ठेवून देण्याआधी मंद आचेवर वाळवा. जाळ्या उभ्या रचून ठेवल्या तर चकत्या एकमेकींवर घासल्या जात नाहीत.

कपाटातली जुनी जाळी

पूर्वी या जाळ्यांची चकती ॲस्बेस्टॉसची असायची. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासातून फुप्फुसात जातात, तिथेच राहतात आणि अनेक वर्षांनी फुप्फुसांचे आजार किंवा कर्करोग होऊ शकतो; त्याचे सगळे प्रकार कर्करोगकारक मानले जातात. पांढरी चकती ॲस्बेस्टॉसची की सिरॅमिकची, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. जाळीवर किंवा वेष्टनावर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल आणि ती जुनी असेल, तर ॲस्बेस्टॉसच समजा.

अशी जाळी घासू नका, वाकवू नका, चकती खरवडून 'नुसती जाळी' म्हणून पुन्हा वापरू नका. पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने ती ओली करा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंद करा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि वर ठळक अक्षरांत काय आहे ते लिहा. खाली सांडलेला भुगा झाडूने झाडायचा नाही. ओल्या कागदाने टिपून तो कागदही त्याच पिशवीत टाकायचा. पिशवी नेहमीच्या कचऱ्यात न टाकता संस्थेच्या घातक कचऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्यांकडे सोपवा. जाळ्या संख्येने बऱ्याच असतील किंवा कपाटात भुगा साचलेला असेल, तर स्वतः हात न लावता कपाट बंद करून त्यांनाच बोलवा.